काकांच्या वहीतलं सिंगापूर

1993 साली आमच्या डोंबिवलीच्या इमारतीत सिंगापूर पाहून आलेला एकच माणूस होता, तिसऱ्या मजल्यावरचे काका. बाबांना निवृत्तीचे पैसे मिळाले, चार दिवस सिंगापूरला जायचं ठरलं आणि त्याच संध्याकाळी काका आपली वही घेऊन खाली आले. दोनशे पानी, पुठ्ठ्याच्या बांधणीची. तिच्यात बसचे क्रमांक होते, चांगल्या खोल्यांचे पत्ते होते आणि पेनाने काढलेला एक नकाशा होता: बुगिस स्टेशन, तिथून सेरंगून रोड, वीरमाकालीअम्मनचं देऊळ, मुस्तफाचं दुकान. 1947 सालापासून चालत आलेल्या कोमला विलास या खानावळीच्या नावाखाली काकांनी आमच्या देखत दोन रेघा मारल्या. "वहिनींच्या जेवणाची काळजी इथे मिटली," म्हणाले.

तयारीला दोन महिने लागले. एसटीडी-आयएसडीच्या बूथवरून खोलीसाठी फॅक्स केला आणि उत्तर आलं का ते विचारायला मी तीन दिवस तिथे खेटे घातले. सिंगापूरचा डॉलर तेव्हा विसेक रुपयांना पडे. परकीय चलन मोजूनमापून मिळायचं, त्याची नोंद पासपोर्टच्या मागच्या पानावर व्हायची. प्रवासी धनादेशांचे नंबर बाबांनी तीन कागदांवर उतरवून तिघांच्या सामानात ठेवले. आईने दशम्या, मेतकूट आणि गुळपापडी बांधली. च्युइंगम तिकडे चालत नाही, 1992 पासून बंदी आहे, हेसुद्धा वहीत होतं. सहारला पोचवायला दोन गाड्या भरून माणसं आली. परत आल्यावर त्या सगळ्यांना सिंगापूर सांगायचं होतं, म्हणून आम्ही ते फार नीट पाहिलं.

यंदा पुन्हा चारच दिवस जायचं आहे, आई आणि मी. तिकिटं मी रात्री अकराला अंथरुणात बसून काढली. इमारतीत कुणाला पत्ता नाही. व्हिसा ईमेलने येईल. तेव्हा विमानात एक पांढरं कार्ड भरायला दिलं होतं. अमली पदार्थ आणणाऱ्याला मृत्युदंड, असं त्यावर लाल अक्षरांत छापलेलं. ते वाचून आईने हिंगाष्टकाची पुडी आधीच हातात काढून ठेवली होती. आता त्या कार्डावरची माहिती पोचण्याआधीच्या तीन दिवसांत फोनवरून भरायची असते. मेट्रोला चुंबकीय पट्टीचं तिकीट नको, बँकेचं कार्ड टेकवलं की दार उघडतं. चांगी विमानतळावरूनच मेट्रो मिळते आणि 2003 पासून लिटल इंडियाला स्वतःचं स्टेशन आहे, त्यामुळे बुगिसपासूनची ती उन्हातली पायपीट उरली नाही.

मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते वेगळंच. मेट्रो 1987 साली सुरू झाली तेव्हा स्टेशनांवर लिफ्टची सोय नव्हती, ती मागाहून केली. आई ब्याऐंशी वर्षांची आहे. लिफ्ट नसती तर हा बेत मी आखलाच नसता. म्हणून जुनं ते सगळं चांगलं, असं माझ्याने म्हणवत नाही. पण फोनने सुचवलेली दहा ठिकाणं वाचताना कुणी आपल्यासाठी दोन रेघा मारल्यासारखं वाटत नाही, हेही खरं.

बेत आखायला बसले तर वहीतलं निम्मं सिंगापूर जागेवर नाही. सेंटोसाचं संगीत कारंजं 2007 मध्ये बंद झालं. डोक्यावरून मासे जाणारा तिथला काचेसारखा बोगदा 2016 मध्ये. जुरोंगचं पक्षी उद्यान 2023 मध्ये मंडाईला हलवलं. ही एकेक नावं मी वाचत होते आणि आई नुसतं "बरं" म्हणत होती. मग तिने अल्बम काढला.

एकच फोटो तिला दाखवायचा होता. बाबा मर्लायनच्या पुतळ्याच्या बाजूला उभे आहेत, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, हातात छत्री. सिंहाच्या तोंडातून पाण्याची धार पडते आहे आणि पलीकडे नुसतं पाणी आणि आकाश. "मला इथे उभं राहायचंय," आई म्हणाली. बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली.

दोन रात्री मी नकाशे चाळले. तो मर्लायन 1972 पासून नदीच्या मुखाशी होता. 1997 मध्ये समोर एस्प्लनेड पूल झाला आणि खाडीवरून तो दिसेना, म्हणून 2002 मध्ये त्याला सुमारे 120 मीटर हलवलं. पुढे 2008 मध्ये मरीना धरण बांधलं, त्यामुळे हळूहळू खाऱ्या खाडीचा गोड्या पाण्याचा जलाशय झाला. रिकाम्या आकाशात 2010 मध्ये मरीना बे सँड्सचे तीन मनोरे उभे राहिले. म्हणजे बाबा उभे होते तिथे आता सिंह नाही आणि सिंह आहे तिथे बाबा कधी उभे नव्हते. हे आईला कसं सांगावं कळेना. अखेर सगळं तसंच सांगितलं.

ती बराच वेळ फोटो बघत राहिली. "मग पुलाच्या अलीकडे थांबू," म्हणाली, "सिंह नसला तरी चालेल."

तो दिवस मी दुसरा ठेवला आहे, सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत. जवळच फुलरटनची खांबांची भव्य इमारत आहे. आता तिथे हॉटेल आहे, पण 1993 मध्ये तिथेच मुख्य टपाल कार्यालय होतं. तिथून बाबांनी आजीला कार्ड टाकलं होतं. ते आम्ही घरी परतल्यावर चार दिवसांनी आलं आणि आजीने ते बाबांनाच मोठ्याने वाचायला लावलं.

काल आईने त्या दिवसापुढे माझ्याकडून एक ओळ लिहून घेतली: पोस्टकार्ड घेणे, पत्ता आपल्याच घरचा.