एक फोन, चार माणसं

आलापल्लीत आमच्या घरात रेंज येते ती फक्त ओसरीच्या खिडकीत, आणि तीही एकाच कंपनीच्या सिमला. त्यामुळे घरचा मोठा फोन कायम त्या खिडकीतच पडलेला असतो. तो कुणा एकाचा नाही. हे त्यावर बातम्या बघतात, धाकटा अकरावीचा अभ्यास करतो, मी दुखण्याखुपण्याची औषधं नाहीतर एखादा पदार्थ शोधते. सुनेचा फोन गेल्या पावसाळ्यात पाण्यात पडला, तेव्हापासून तीही त्याच खिडकीशी उभी राहते.

शाबानचे शेवटचे दिवस होते. मी हलीमची कृती शोधत होते. कृतीच्या मध्येच जाहिरात आली, नागपूरच्या एका टेस्ट ट्यूब बेबी सेंटरची. सोडून दिली. दुसऱ्या दिवशी नमाजच्या वेळा बघताना परत तीच. तिसऱ्या दिवशी तशीच दुसरी. थोरल्याच्या लग्नाला तीन वर्षं झालेली. मी काय समजायचं ते समजले.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. मी बल्लारपूरला नणंदेला फोन लावला, “दुआ कर गं सुनेसाठी.” दुआच तर मागितली, असं मनाशी म्हणत होते. आठ दिवसांत तीन घरं फिरून ती गोष्ट सुनेच्या आईपर्यंत पोहोचली. सून भांडली नाही. एवढंच म्हणाली, “अम्मी, मी तुम्हाला सांगणारच होते. रिपोर्ट आल्यावर.” तपासण्या दोघांच्याही चालल्या होत्या. बल्लारपुरात कीव मात्र एकटीची झाली.

जीभ माझी सुटली, ते मी कबूल केलं आणि तिची माफीही मागितली. पण आधी बोलला तो फोन, हेही खरंच ना?

ईदला चंद्रपूरहून भाचा आला. तो संगणक शिकतो. त्याला आडून विचारलं, “खाला, यात जादू काही नाही,” म्हणाला. आपण एक पान उघडतो तेव्हा त्या पानात दुसऱ्या अनेक कंपन्यांच्या खुणा लपलेल्या असतात. त्या फोनवर एक चिठ्ठी ठेवतात, तिला कुकी म्हणतात. पुढच्या पानावर तीच कंपनी असली की ती चिठ्ठी वाचते आणि ओळखते, हाच तो काल दवाखाना शोधणारा. चिठ्ठीला माणूस दिसत नाही, फोन दिसतो. एका फोनवर चार माणसं असली तर सुनेचा प्रश्न सासूच्या हलीममध्ये निघणारच.

मग ब्राउजर बदलू, असं ठरलं. ब्राउजर म्हणजे ज्यातून आपण इंटरनेट बघतो ती खिडकी. आपल्या भागात ब्राउजर निवडण्याचं कारण आजवर एकच असायचं, रेंज. यूसी ब्राउजर इकडे खूप चालायचा, कारण कमी डेटात पान उघडायचा. 2015 मध्ये टोरांटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबने दाखवून दिलं की तो फोनची ओळख, ठिकाण आणि शोधलेले शब्द पुरेशा कुलपाविना बाहेर पाठवतो. जून 2020 मध्ये सरकारने 59 चिनी ॲपवर बंदी घातली, त्यात तोही गेला. ऑपेरा मिनी पान लहान करून देतो, पण त्यासाठी ते पान आधी त्या कंपनीच्या सर्व्हरवरून यावं लागतं. चिठ्ठी दुसऱ्याच्या हातून पाठवायची, म्हणजे त्या हातावर विश्वास टाकायचा.

भाच्याने ब्रेव्ह दाखवला. जाहिराती तो आपणहून अडवतो, पानं भराभर उघडतात, आमच्या खिडकीतसुद्धा. पण त्याची स्वतःची जाहिरात-योजना आहे, क्रिप्टो टोकन आहेत. 2020 मध्ये तो क्रिप्टोच्या एका बाजाराचा पत्ता टाइप करताना स्वतःचा कमिशनचा दुवा जोडत होता, हे उघड झालं आणि कंपनीच्या प्रमुखांनी माफी मागितली. यांनी क्रिप्टोचं नाव ऐकलं आणि मान हलवली. फायरफॉक्स मोझिला या ना-नफा संस्थेचा. मोझिलाची बहुतेक कमाई मात्र गुगलकडून येते, शोधाची जागा त्यांना दिल्याबद्दल. अगदी निर्मळ पाणी कुठेच नाही.

आधीच्याच ब्राउजरातली गुप्त खिडकी का नको, हे मी विचारलंच. ती फक्त फोनमधला इतिहास ठेवत नाही. वेबसाइटला आणि सिम कंपनीला आपण दिसतोच. क्रोमच्या या खिडकीवरून अमेरिकेत 2020 मध्ये खटला झाला आणि 2024 मध्ये तडजोडीत गुगलने साठवलेल्या अब्जावधी नोंदी पुसायचं मान्य केलं.

शेवटी फायरफॉक्स फोकस घेतला. त्यात कचऱ्याच्या डब्याचं एक बटण आहे. दाबलं की सगळं पुसलं जातं. आठवडाभर चौघांनी तोच वापरला आणि चौघेही वैतागलो. पासवर्ड लक्षात ठेवत नाही, खूण करून ठेवता येत नाही. धाकट्याच्या शिष्यवृत्तीच्या फॉर्ममध्ये दर वेळी नव्याने शिरावं लागे, आणि आलापल्लीत ओटीपी येईपर्यंत त्याची मुदत संपते. पुसून टाकलेलं पान पुन्हा पहिल्यापासून उतरवायचं, त्यात डेटा जातो तो वेगळाच. मोठ्या शहरातल्या माणसाला ही किंमत कळणार नाही.

आता घरात दोन आहेत. फॉर्म, बँक, अभ्यास जुन्यात. दुखणं, तपासणी, कुणाला सांगायची नसलेली गोष्ट फोकसमध्ये, आणि उठताना डबा. यांनी कुरकुर केली, “घरात काय लपवायचंय?” मी म्हटलं, सूरह नूरमध्ये तर घरातल्या मुलांनीही दिवसातून तीन वेळा परवानगी घेऊन आत यावं असं सांगितलंय. पोरांना हे मीच शिकवलं होतं, फोनला ते लागू करायचं मला सुचलं नव्हतं. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क म्हटला, तेव्हा तो मला आधार कार्डापुरता वाटला होता.

ब्राउजर बदलून ॲप गप्प बसत नाहीत, हेही भाच्याने सांगितलं. नोव्हेंबर 2020 मध्ये मदरबोर्ड या अमेरिकी वृत्तस्थळाने दाखवलं की मुस्लिम प्रो या नमाजच्या ॲपमधून लोकांचं ठिकाण एका दलालाकडे जात होतं, आणि त्या दलालाचे ग्राहक अमेरिकी सैन्याचे कंत्राटदार होते. बातमीनंतर कंपनीने तो व्यवहार तोडला. यांच्या फोनमधल्या अशाच एका ॲपला ठिकाण बघायची मुभा होती. काढून टाकली. वेळा मशिदीच्या भिंतीवर लावलेल्याच आहेत.

मागच्या महिन्यात थोरल्याने बायकोला नवा फोन आणला. रेंजसाठी तोही खिडकीतच ठेवावा लागतो. परवा तो वाजला, तेव्हा ती न्हाणीत होती. नाव दिसायच्या आत मी तो पालथा घातला आणि हाक मारली.