नसलेली गुहा बघायला गेलो तेव्हा

"अरे, पण गुहा कुठे आहे?" बाबांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"बाबा, गुहा आता नाहीये. तेच तर सांगतोय."

"मग आपण बघायला काय आलोय?"

प्रश्न अगदी रास्त होता. कंपनीच्या कामासाठी मी जर्मनीत ड्युसेलडॉर्फला होतो आणि उन्हाळ्यात आई-बाबा इंदूरहून आले होते. एका रविवारी आईने पोळीभाजीचा डबा बांधला आणि आम्ही एस २८ ही लोकल पकडली. अर्ध्या तासाच्या आत ज्या स्टेशनवर उतरलो, त्याचं नावच निअँडरथल! जर्मन भाषेत 'टाल' म्हणजे दरी. सतराव्या शतकात योआखिम निआंडर नावाचे धर्मोपदेशक या दरीत येत, भक्तिगीतं रचत. त्यांच्यावरून दरीला नाव पडलं आणि दरीवरून आदिमानवाला.

ड्युसेल नदीच्या काठी इथे चुनखडीचे उंच कडे आणि त्यांत गुहा होत्या. एकोणिसाव्या शतकात खाणवाल्यांनी चुनखडीसाठी हे कडे फोडायला सुरुवात केली. ऑगस्ट १८५६ मध्ये फेल्डहोफर नावाच्या छोट्या गुहेतली माती उपसताना कामगारांना हाडं लागली. अस्वलाची असतील असं समजून ती मातीबरोबर खाली टाकली गेली. त्यातली काही वेचून योहान कार्ल फुलरोट या शाळामास्तरांना दाखवली, तेव्हा त्यांनी ओळखलं, की हा माणूसच, पण फार प्राचीन आणि आपल्याहून वेगळा. डार्विनचं पुस्तक यायला अजून तीन वर्षं होती, त्यामुळे बऱ्याच विद्वानांना हे पटलं नाही. १८६४ मध्ये विल्यम किंग यांनी या मानवाला शास्त्रीय नाव दिलं. तोवर खाणकाम चालूच होतं. पुढे गुहा तर गेलीच, ती नेमकी कुठे होती हेही लोक विसरले.

संग्रहालयात सूट घालून उभा असलेला निअँडरथल पाहून आई म्हणाली, "हा तर आपल्या कॉलनीतल्या कुणासारखा दिसतो!" तिचं फारसं चुकलं नव्हतं. १९९७ मध्ये स्वांते पेबो यांच्या गटाने याच दरीतल्या हाडातून डीएनए मिळवला. २०१० मधल्या त्यांच्या संशोधनातून कळलं, की आफ्रिकेबाहेरच्या माणसांमध्ये, म्हणजे आपल्यातही, एक-दोन टक्के वारसा निअँडरथलांचा आहे. पेबो यांना २०२२ चं नोबेल मिळालं.

तिथून थोडं चालत मूळ जागी गेलो. हिरवळ, झाडं आणि गुहा जितक्या उंचीवर होती तिथवर नेणारा एक मनोरा. वर उभं राहिलं की समोर नुसती हवा. मी बाबांना सांगितलं, की राल्फ श्मिट्झ आणि युर्गन थिसेन या दोघांनी जुने कागद तपासून जागा शोधली आणि १९९७ व २००० मध्ये खणून गुहेतून फेकलेली माती गाठली. तिच्यात हाडाचा एक तुकडा मिळाला. तो १८५६ मधल्या मांडीच्या हाडाला तंतोतंत जुळला. जवळजवळ दीडशे वर्षांनी!

बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "फेकलेल्या मातीत मिळालं."

मला कळलं ते कशाबद्दल बोलत होते. दहा वर्षांपूर्वी आमचा इंदूरचा वाडा पाडला, तेव्हा माळ्यावर पणजोबांची पत्र्याची पेटी निघाली. आत मोडीतले कागद. वाचता कुणालाच येईना. माझी सुट्टी संपत आली होती, म्हणून मीच ते रद्दीवाल्याला किलोवर दिले. बाबा तेव्हा काही बोलले नव्हते.

"बाबा, चुकलंच माझं," मी म्हणालो.

"तुझं एकट्याचं नाही रे. नको म्हणायला मी होतोच की." मग परतीच्या गाडीत ते आपल्या उज्जैनच्या वाकणकरांबद्दल बोलत राहिले. १९५७ मध्ये वाकणकरांना रेल्वेतून भीमबेटकाचे खडक दिसले आणि ते तिथे जाऊन पोचले. "आम्ही त्या गाडीने किती वेळा गेलो असू. खिडकीतून शेंगा खात," बाबा म्हणाले.

इंदूरला परतल्यावर बाबांनी नातेवाइकांना फोन लावले. देवासच्या आत्याकडे देव्हाऱ्याखालच्या फडताळात चार मोडी कागद निघाले. मोडी शिकवणाऱ्या एका बाईंनी ते वाचून दिले. मोठा इतिहास काही नाही. तुपाचा हिशेब, मुंजीचा खर्च आणि 'सत्तर रुपये परत करणे आहेत' अशी एक ओळ. ते परत केले की नाही, यावर घरात अजून वाद चालू आहे.

तुमच्याकडेही जुनं घर रिकामं होत असेल, तर पेटी देण्याआधी एक फोन करा. वाचणारं कुणीतरी सापडतं.