सेहेचाळिशीचं गणित

मुलीची बारावी आणि आईची पाळी जाणं एकाच घरात, एकाच सुमाराला का येतं, याचं उत्तर साध्या बेरजेत आहे. आमच्या बरोबरीच्या बायकांची लग्नं चोविशी-पंचविशीत झाली, सत्तावीस-अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत पाळणा हलला. भारतात पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी थांबते आणि त्याआधीची काही वर्षं तिचा नेम राहत नाही. लेक इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडचे पर्याय भरत असते, तेव्हा आई रात्री दोनला उठून पंख्याखाली बसलेली असते.

सांगलीत आमच्याकडे असंच झालं. थोरला चाकणला नोकरीला लागला, धाकटी पुण्याला हॉस्टेलवर गेली आणि रोजचं दूध दीड लिटरवरून अर्ध्यावर आलं. दूधवाला पातेल्यात माप ओतता ओतता थांबून विचारायचा, "वैनी, अर्धाच नक्की?" त्याच थंडीत नवरा गोधडीत गुरफटलेला आणि मी खिडकी उघडून मानेवरचा घाम पुसत उभी. डॉक्टरबाईंनी घाबरवलं नाही. सलग बारा महिने पाळी आली नाही की गेली म्हणायची, एवढं सांगून त्यांनी हिमोग्लोबिन, थायरॉइड, ड जीवनसत्त्व अशी यादी हातात ठेवली. पाळी गेल्यावर पहिल्या काही वर्षांत हाडं झपाट्यानं ठिसूळ होतात, हेही तेव्हाच कळलं.

सासूबाईंना विचारलं, तुमच्या वेळी काय झालं? त्या हसायलाच लागल्या. "मला कुठं कळलं गं पाळी कधी गेली ते! तुझ्या नणंदेचं पहिलं बाळंतपण होतं, मी डिंकाचे लाडू वळत होते."

त्यांच्या या एका वाक्यात दोन पिढ्यांमधला फरक आहे. सतराव्या वर्षी लग्न झालेली आणि पाच मुलं वाढवलेली बाई पंचेचाळिशीला पोचते, तेव्हा धाकटं मूल शाळेत असतं आणि थोरलीचं पोर मांडीवर. मध्ये फट राहतच नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात १९९२-९३ मध्ये बाईमागे सरासरी २.९ मुलं होत होती. २०१९-२१ मध्ये हा आकडा १.७ वर आला. मुलं कमी, लग्नं उशिरा, आयुष्य लांब. त्यातून मुलं घराबाहेर पडणं आणि आजी होणं यांच्यामध्ये दहा-पंधरा वर्षं मोकळी झाली. सर्वसाधारण घरातल्या बाईला ही वर्षं आपल्याच पिढीत पहिल्यांदा मिळताहेत. म्हणून त्यांचा रिवाजही नाही. डोहाळजेवण आहे, बारसं आहे, साठीशांत आहे. या वळणावर मात्र कोणी ओटीसुद्धा भरत नाही.

पूर्वी अशी वर्षं ज्या थोड्याजणींनी मिळवली, त्यात पार्वतीबाई आठवले येतात. १८७० चा जन्म, विशीत वैधव्य, पदरी एक मुलगा. महर्षी कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमासाठी त्यांनी गावोगाव वर्गणी गोळा केली. मुलगा मोठा झाल्यावर, पन्नाशीला टेकलेल्या असताना, त्या अमेरिकेला गेल्या. इंग्रजी जेमतेम, पैसा नाही. तिथे लोकांच्या घरी धुणीभांडी करून राहिल्या आणि 'माझी कहाणी'त हे सगळं न लाजता लिहून ठेवलं.

आमच्या गल्लीतल्या बायका एवढ्या लांब जात नाहीत. एकीनं लग्नात सुटलेलं बी.ए. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पुन्हा धरलंय. परीक्षेच्या दिवसांत तिचा नवरा कुकर लावतो. दुसरी मंगळागौरीच्या ग्रुपमध्ये आहे. श्रावणात सुपारी आली की नऊवारी नेसून झिम्मा, पिंगा, गोफ. फुगडीला मात्र गुडघे बघून माणूस निवडतात. तिसरी महिन्यातून एकदा एकटी एसटीनं कुठेतरी जाऊन येते. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, त्यानंतर तिच्या घरच्यांचा 'उगाच खर्च' हा मुद्दा निम्म्यानं बाद झाला.

सगळ्यांनाच ही मोकळी वर्षं मिळतात असंही नाही. गळीत हंगामात बीडहून आमच्या जिल्ह्यात ऊसतोडीच्या टोळ्या येतात. २०१९ साली सरकारी समितीनं बीडमधल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड बायकांची पाहणी केली. त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. पाळीमुळे खाडा, खाड्यामुळे मुकादमाची मजुरीत कपात, म्हणून तिशी-पस्तिशीतच ऑपरेशन. पिशवीबरोबर बीजकोषही गेले, तर रजोनिवृत्ती त्याच दिवशी येते आणि हाडांची झीजही तेव्हापासूनच. अशा बाईची मुलं अजून कोपीत खेळत असतात.

पांढरपेशा घरातली अडचण वेगळी असते. मुलं गेली की घरादाराच्या तोंडी एकच वाक्य येतं, "आता काय, तू मोकळीच!" मग आत्याबाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आपल्याकडे उतरतात, पुतणीच्या डोहाळजेवणाच्या पुरणपोळ्या आपल्यावर येतात आणि पतसंस्थेत मार्चअखेरीला थांबायला साहेबांना आपलंच नाव सुचतं. यातलं प्रत्येक काम रास्त असतं. त्यामुळे नाही म्हणायला निमित्त सापडत नाही आणि वर्षं निघून जातात.

आमच्याकडे आता गुरुवारची संध्याकाळ माझी आहे. मी पोहायला जाते. त्या दिवशी सासूबाईंना जेवण नवरा वाढतो. भात कधी गिच्च होतो, त्या मुकाट खातात. हे एका दिवसात जमलं नाही, भांडणं झाली, पण आता घराला सवय झाली आहे.

तुम्ही पंचेचाळिशीला आला असाल, तर डॉक्टरांना विचारून रक्ताच्या तपासण्या करून घ्या, आणि आठवड्यातली एक वेळ स्वतःची म्हणून घरात जाहीर करून टाका. त्या वेळेत काय करायचं, ते नंतर ठरवलं तरी चालेल.