चाळिशी आणि ठिपका

चाळिशी लागली म्हणजे नेमकं काय झालं, हे मला बँकेत नव्हे तर परसात कळलं. बँकेत अक्षर दिसेनासं झालं तर गिऱ्हाइकाला "सही नीट करा हो" म्हणून दटावता येतं. परसात समोर दहा मीटरवर पुठ्ठ्याचं लक्ष्य असतं, हातात पिस्तूल असतं, आणि दटावायला कोणी नसतं.

दचकू नका. पिस्तूल छऱ्याचं आहे. २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने रायफलीत कांस्यपदक मिळवलं आणि इकडे रत्नागिरीत आमच्या कन्येने आमटी वाढता वाढता जाहीर केलं, "बाबा, मला नेमबाजी शिकायचीय." रायफलीची किंमत ऐकल्यावर मी तिला आठवण करून दिली की राही सरनोबतने २०१८ च्या एशियाडमध्ये सुवर्णपदक मिळवलं ते पिस्तुलाने. आमच्या घरात थोर आदर्श हे असे अंदाजपत्रकात बसवून घ्यावे लागतात.

विहिरीपासून जांभ्याच्या गडग्यापर्यंत दहा मीटर भरले. गडग्याला लोखंडी पत्रा टेकवला, त्याच्यापुढे रद्दीने ठासलेली हापूसची रिकामी पेटी ठेवली. दर रविवारी सकाळी बाप-लेकीचा कार्यक्रम सुरू झाला. पहिले काही महिने मी तिला शिकवीत होतो. पुढे ती मला शिकवू लागली. आणि मग मला काही दिसेना.

गंमत अशी की पिस्तुलावर नेम धरताना तीन गोष्टी एका रेषेत आणायच्या असतात: मागची खाच, पुढचा खुंट आणि लक्ष्य. डोळ्याला एका वेळी एकच अंतर स्पष्ट दिसतं, म्हणून खुंट स्वच्छ बघायचा आणि लक्ष्य धूसर राहू द्यायचं, असा नियम आहे. माझं सगळंच धूसर. लांबचा चष्मा लावला की पुठ्ठा दिसे पण खुंट विरघळे. चाळिशी लावली की मांडीवरचं वर्तमानपत्र उत्तम दिसे, पण खुंट मांडीवर नसतो, हातभर पुढे असतो. मी "आज कंबर धरलीय", "आज ऑडिट आहे" अशा सबबी सांगू लागलो. रविवारी ऑडिट नसतं हे मुलीला ठाऊक होतं. ती काही बोलली नाही. तेच जास्त लागलं, कारण जूनमध्ये ती शिकायला पुण्याला जायची होती आणि हाताशी रविवार मोजून अकरा उरले होते.

मग मी गुपचूप रेड डॉट मागवला. हे एक काचेचं इटुकलं यंत्र. आतला बारीक दिवा काचेवर पडतो, आणि काचेतून बघणाऱ्याला वाटतं की लाल ठिपका लांब लक्ष्यावरच टेकलाय. प्रत्यक्षात तिथे काही पडत नाही. सौभाग्यवती पेटीजवळ जाऊन ठिपका शोधून आल्या आणि म्हणाल्या, "अहो, फसवलं तुम्हाला." पण डोळ्याला लांबच बघायचं असल्यामुळे चाळिशीवाल्याला हे वरदान. ठिपका '४ मिनिटांचा' असं डबीवर लिहिलं होतं. मी घड्याळ लावून बसलो. मग समजलं की ही मिनिटं कोनाची. दहा मीटरवर असा ठिपका साधारण साडेअकरा मिलिमीटर भरतो, आणि पिस्तुलाच्या लक्ष्यावरचं दहा गुणांचं वर्तुळही साडेअकरा मिलिमीटरचंच. जमाखर्च इतका चोख जुळलेला मी वीस वर्षांच्या नोकरीत पाहिला नव्हता.

प्रश्न एकच उरला. हे बसवायचं कुठे?

लहानपणी दूरदर्शनचा अँटेना कौलांवर चढवताना अख्खी आळी जशी खाली उभी राहून सल्ले देई, तसं झालं. मुंबईच्या मेहुण्याने फोनवरून फर्मावलं, "मुठीला पट्टी आवळ आणि तिचा पूल वरून ने." ही रीत काडतुसाच्या पिस्तुलाला ठीक, कारण तिथे वरचा भाग प्रत्येक बाराला मागेपुढे धावतो आणि त्याच्यावर बसलेली काच हादरे खाते. आमच्या पिस्तुलात असं काही धावत नाही. पूल झाला असता, खाली नदी नव्हती. आमचे शाखाधिकारी म्हणाले, "थेट नळीवर बसवा, नेम नळीचाच ना?" मुद्दा बिनतोड होता. पण आमची स्प्रिंग ताणायची तर नळीच धरून खाली वाकवावी लागते. दर छऱ्याला काचेला हात लागला असता. राहिली तिसरी जागा: नळीच्या मागे, अंगावरच कोरलेली अकरा मिलिमीटरची खाचपट्टी. तीवर चिमटा बसवायचा आणि स्क्रू आवळायचे.

उंच चिमटा घ्यावा की बुटका, यात आणखी एक संध्याकाळ गेली. हे मात्र मी त्रैराशिकाने सोडवलं. काच नळीपेक्षा चार सेंटिमीटर वर असेल आणि नेम दहा मीटरवर जुळवला असेल, तर पाच मीटरवर छरा दोन सेंटिमीटर खाली लागणार. काच जितकी खाली, तितकी ही तफावत कमी. बुटका घेतला. कॉमर्सची पदवी शेवटी कुठेतरी कामी आली.

वीस छऱ्यांपर्यंत राज्य सुखात चाललं. एकविसावा पेटी सोडून पत्र्यावर वाजला. पाहतो तो चिमटा नखभर सरकून तिरका झालेला! स्प्रिंगच्या पिस्तुलाला दोन धक्के असतात, एक मागे आणि लगेच एक पुढे, आणि त्या ओढाताणीत नुसता चिमटा टिकत नाही. मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या लेथवाल्याने तो हातात फिरवून पाहिला. "साहेब, स्क्रू पिळून काय नाय होणार. दाराला अडणा असतो ना, तसा मागे अडणा पायजे." त्याने पितळेचा बोटाच्या पेराएवढा तुकडा घडवून पट्टीवर चिमट्याच्या पाठीशी आवळून दिला. मेहुणा, शाखाधिकारी आणि मी मिळून जे सुचलं नाही ते त्याने चहा गार व्हायच्या आत केलं.

रविवारी ठिपका लक्ष्यावर धरला आणि हादरलो. ठिपका स्थिर राहीच ना, गणपतीपुढच्या बाल्यासारखा नाचत होता.

"बाबा, ठिपका नाही नाचत. तुमचा हात नाचतोय," कन्या म्हणाली. "माझापण नाचतो. आधी दिसत नव्हता एवढंच."

मग तिने हळूच सांगितलं की स्पर्धेत पिस्तुलावर असली काच चालतच नाही, खाच आणि खुंटच लागतो. चष्म्याला मात्र मनाई नाही. पॅरिसलाच तुर्कस्तानच्या ५१ वर्षांच्या युसुफ डिकेचने साधा चष्मा लावून, एक हात खिशात घालून रौप्यपदक नेलं होतं.

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही पुन्हा रविवारी परसात यायला लागला होतात ना."

मी विहिरीत डोकावून पाणी किती आहे ते पाहिलं. पाणी भरपूर होतं.

शेवटच्या रविवारी दहा-दहा छरे झाले. तिचे खुंटावर ८६, माझे ठिपक्यावर ७१. तिने दोन्ही पुठ्ठ्यांवर तारीख घातली, माझा पुठ्ठा स्वतःच्या बॅगेत ठेवला आणि म्हणाली, "पावसात चिमट्याला तेल लावत जा, गंजेल. आणि दिवाळीला मी येईन तेव्हा नवी बॅटरी घालून ठेवा."

घालून ठेवली आहे. दिवाळीला अजून तीन महिने आहेत.