आग विझल्यावरचा स्वयंपाक

कुओपिओ, पूर्व फिनलंड
ऑक्टोबर

ती. आईस,
साष्टांग नमस्कार.

सुखरूप पोचले. बाहेर गारठा आहे, पण घरं उबदार असतात, काळजी करू नकोस.

आज बाजारचौकात कालाकुक्को घेतला. वरून पाहिलं तर रायच्या पिठाचा काळपट, जाडजूड पाव. वरची टोपी कापली की आत मासे! मुइक्कू म्हणतात त्यांना. इथल्या तळ्यांतले, लहानसे, रुपेरी. त्यांच्या जोडीला डुकराच्या मांसाचे चरबीदार काप आणि मीठ, बाकी काही नाही. पारी चहूकडून बंद करतात, भट्टीच्या कडक उष्णतेत तिचं कवच होऊ देतात आणि मग उतरत्या उष्णतेत कित्येक तास तसंच ठेवतात. काटे इतके मऊ होतात की काढावे लागत नाहीत. रानात लाकूडतोडीला जाणारी माणसं हीच शिदोरी न्यायची, कारण न कापलेला कुक्को चांगला टिकतो. बिनतिखटाचा मासा तुला पटणार नाही, पण लोणी लावून एक घास खायला हवास.

तुझी,
मनू


नुर्मेस, उत्तर कारेलिया

ती. आईस,
सा. न.

इथे ज्या आजींकडे उतरले आहे, त्यांच्या स्वयंपाकघराचा मोठा भाग भट्टीनेच व्यापला आहे. विटांची, काही टन वजनाची, पोटात घुमटासारखी पोकळी असलेली. शेजारी तिला जोडूनच बिडाच्या पत्र्याची चूल. पत्र्यावरची कडी आकड्याने उचलली की पातेल्याचं बूड थेट जाळावर बसतं. कॉफी, तळण असलं झटपट काम तिथे. खरा स्वयंपाक भट्टीत, आणि तो आग विझल्यावर सुरू होतो.

आज पहाटे आजींनी बर्चच्या सालीने जाळ धरवला. बर्चचंच सुकं लाकूड दोन-तीन तास पोकळीतच जळत होतं. घुमट आधी काजळीने काळा झाला. विटा तापल्या तशी काजळीही जळून गेली आणि विटा पुन्हा स्वच्छ दिसू लागल्या. मग निखारे पसरले, विझत आल्यावर ओढून काढले, ओल्या झाडूने तळ झाडला आणि उष्णता सगळीकडे सारखी व्हावी म्हणून थोडं थांबल्या. शेवटी चिमूटभर पीठ तळावर टाकलं. लगेच काळं पडलं तर अजून थांबायचं, सावकाश तांबूस झालं तर पाव टाकायचा.

पण आज पीठ काळं पडलं तरी चाललं, कारण पहिला मान कारेलियन पिराक्कांचा. त्यांना सुमारे ३०० अंशांची उष्णता लागते. रायची पारी लाटण्याने इतकी पातळ लाटतात की पाहत राहावं. मधे तांदळाची दुधातली घट्ट खीर (पूर्वी सातूची असे), कडांना चिमटीने चुण्या. काही मिनिटांत बाहेर. लगेच वितळलेल्या लोण्याचा हात, वर उकडलेलं अंडं लोण्यात कुस्करून. १९४४ मध्ये फिनलंडमधल्या कारेलियाचा मोठा भाग सोव्हिएत संघाकडे गेला. चार लाखांवर माणसं घरंदारं सोडून आली आणि उरलेल्या फिनलंडभर वसली. पिराक्का त्यांच्याबरोबर देशभर पोचला. भट्ट्या मागे राहिल्या, हात बरोबर आले.

पिराक्कांनंतर रायचा पाव. त्याचं आंबवण लाकडी पिंपातच जपतात: पिंप धुवायचं नाही, भिंतींना चिकटलेलं पीठ पुढच्या खेपेला जागं होतं. पावानंतर मांसाचं मडकं, ऑलस्पाइस आणि मीठ घालून, रात्रभरासाठी. सोबत सातूची खीर. उद्या उरल्या उबेत अळंब्या सुकतील. एकदा लाकडं घातली की दुसऱ्या दिवसापर्यंत पुन्हा जाळ नाही. उष्णता फक्त उतरत जाते, म्हणून कुठला पदार्थ कोणाच्या मागे हा क्रम चुकवून चालत नाही. आजींच्या घरात थर्मामीटर नाही, आणि त्यांना त्याची गरजही नाही. मी तर त्यांना थोर कारागीर मानते. पूर्वी मुलं आणि म्हातारी माणसं भट्टीच्या माथ्यावर झोपत, तिथे रात्रभर ऊब राहते.

तुझी,
मनू


योएन्सू

ती. आईस,
सा. न.

परवापासून चुलीच्या धुराने चुरचुरणारे तुझे डोळे आठवताहेत. इथेही एकेकाळी धुराडं नव्हतं. धूर घरभर फिरायचा, छताखाली साचायचा आणि वरच्या झरोक्यातून जायचा. पूर्वेकडे अशी घरं एकोणिसाव्या शतकातही होती. धुराडं आलं आणि चूल तीच राहूनही बायकांचं जगणं बदललं. गॅस आला तरी भाकरी आणि कुळथाची पिठी तू चुलीवरच करणार, ते मला माहीत आहे आणि हवंही आहे. पण मग धूर डोळ्यांत का जावा?

म्हणून दिवाळीआधी गवंड्याला बोलाव. विटांचं किंवा पत्र्याचं धुराडं हवं, वैलाच्या मागून सरळ वर जाणारं आणि आढ्याच्या वर डोकं काढणारं. खाली राहिलं तर वारा धूर उलटा ढकलेल. इथल्या धुराड्यांना झडप असते, कारण त्यांना ऊब कोंडायची असते. निखाऱ्यांवर निळी ज्योत असेतो ती बंद केली तर बिनवासाचा विषारी वायू घरात भरतो आणि माणसं झोपेत दगावतात. आपल्याला ऊब कोंडायची नाही. त्यामुळे गवंड्याने झडप सुचवली तर नाही म्हण. वाशांपासून धुराडं पुरेसं लांब हवं, तेवढं उभं राहून बघ. पैसे मी दादाकडे पाठवते.

तुझी,
मनू