देहाचं देणं

ज्यू परंपरेत एक छोटीशी प्रार्थना आहे. शौचाहून आल्यावर, हात धुऊन म्हणायची. देवा, माणूस घडवताना तू त्याच्यात छिद्रं आणि पोकळ्या ठेवल्यास. त्यातलं एखादं नको तेव्हा उघडलं किंवा बुजलं, तर तुझ्यापुढे उभं राहायचं बळ कुणात उरणार, असा तिचा आशय. चौथ्या शतकातल्या बॅबिलोनियात अबाये नावाचे धर्मपंडित होऊन गेले. तालमूद या ज्यू धर्मचर्चेच्या ग्रंथात ती त्यांच्या नावावर आहे. धार्मिक ज्यू माणूस आजही ती दिवसातून अनेकदा म्हणतो.

आमच्या घरी देवाशी बोलायचं ते अंघोळ झाल्यावर, धुतलेलं नेसून. त्यामुळे ही प्रार्थना पहिल्यांदा वाचली तेव्हा मी थबकलो. मग बाबांचं शेवटचं आजारपण आठवलं. मूत्रपिंडं थकत चालली होती आणि रोज सकाळी डॉक्टर एकच प्रश्न विचारत. त्या दिवसांत आई देवापुढे हात जोडून एवढंच मागायची, की त्यांना लघवी होऊ दे. ज्या सकाळी झाली, त्या सकाळी तिने देवापुढे साखर ठेवली. अबायेंनी जे शब्दांत बांधलं, ते आईला कुणी शिकवलं नव्हतं. देहाचं साधं चालणं हीच केवढी कृपा आहे, हे तिला त्या पलंगाशेजारी बसून कळलं होतं.

मिद्राश या ज्यू कथा-भाष्यांत हिल्लेल या धर्मगुरूंची एक कथा आहे. पाठ संपवून ते निघाले, तेव्हा शिष्यांनी विचारलं, कुठे निघालात? ते म्हणाले, एक धर्मकृत्य करायला. कोणतं, तर हमामात जाऊन अंघोळ करणं. शिष्य गोंधळले. तेव्हा हिल्लेल यांनी समजावलं, की रंगशाळांत उभे असलेले राजाचे पुतळे धुवायला माणूस नेमतात, त्याला पगार देतात, मान देतात. मग जो देह साक्षात देवाच्या प्रतिमेत घडला आहे, तो धुणं हे पुण्यकर्म का नसावं?

पण याच परंपरेत देहाकडे पाठ फिरवणारेही झाले. रोमन सत्तेने रब्बी शिमोन बार योखाई यांना मृत्युदंड फर्मावला, तेव्हा ते मुलासह एका गुहेत लपले. बारा वर्षं. खायला कॅरोबच्या शेंगा, प्यायला झऱ्याचं पाणी. कपडे झिजू नयेत म्हणून ते काढून ठेवायचे, गळ्यापर्यंत वाळूत बसायचे आणि दिवसभर तोराहचं, म्हणजे धर्मग्रंथाचं, अध्ययन करायचे. कपडे चढवायचे ते प्रार्थनेपुरते. तालमूदमधलं हे चित्र मला फार बोलकं वाटतं: सगळा देह वाळूखाली, वर फक्त शिर. बारा वर्षांनी दोघे बाहेर आले, तर समोर माणसं नांगरत होती, पेरत होती. शाश्वत सोडून क्षणभंगुराच्या मागे लागलेली ही माणसं! बापलेकांची नजर पडेल ते जळू लागलं. तेव्हा आकाशवाणी झाली: माझं जग उद्ध्वस्त करायला बाहेर आलात का? जा परत गुहेत.

आणखी बारा महिने गेले. या खेपेला बाहेर आले तो शुक्रवारची संध्याकाळ होती, शनिवारचा शब्बाथ, ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, लागायला आला होता. एक म्हातारा मर्टलच्या सुगंधी डहाळ्यांच्या दोन जुड्या घेऊन लगबगीने निघाला होता. कशासाठी? शब्बाथच्या मानासाठी. त्या वासाच्या पाल्याने दोघांचं मन निवलं. पुढे शिमोन यांच्या आप्ताने त्यांना हमामात नेलं आणि त्यांची चिरा पडलेली कातडी निगुतीने साफ करू लागला. ती पाहून तो रडला, त्याचे खारे अश्रू जखमांवर पडले आणि शिमोन कळवळले. तेरा वर्षं विसरलेला देह त्या वेदनेतून पुन्हा त्यांचा झाला असेल.

आपल्याकडे म्हण आहे, आधी पोटोबा मग विठोबा. रब्बी एलाझार बेन अझर्या यांनी असा क्रमच ठेवला नाही. पीठ नसेल तर तोराह टिकत नाही, आणि तोराह नसेल तर पीठही टिकत नाही, असं ते दोन्ही बाजूंनी सांगतात. म्हणून शब्बाथला तीन वेळा जेवायचं, द्राक्षारसावर आशीर्वाद म्हणायचा. नवऱ्याने बायकोला द्यायचं शरीरसुख हेसुद्धा मिश्ना या धर्मनियमांच्या संहितेने कर्तव्य मानलं; उंटवाल्याने किती दिवसांनी, खलाशाने किती महिन्यांनी घर गाठावं, हेही लिहून ठेवलं. पण ही मोकाट सूट नाही. खाण्याआधी थांबायचं, देणाऱ्याचं नाव घ्यायचं, काय खायचं आणि काय नाही याची वेस पाळायची. भूक तीच राहते. त्या क्षणभराच्या थांबण्याने ती माणसाची भूक होते.

या शिकवणीचा सर्वांत जिवंत पुरावा मला कोकणात दिसतो. अलिबागजवळ नौगावच्या किनाऱ्यावर पूर्वजांचं गलबत फुटलं आणि धर्मग्रंथ समुद्रात गेले, असं इथला बेने इस्राएल हा ज्यू समाज सांगत आला. पुढची कित्येक शतकं हातात पोथी नाही. तरीही शनिवारी ते तेलाचा घाणा थांबवायचे, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणे. मुलांची सुंता व्हायची. बाहेरून आलेल्या डेव्हिड राहाबी या ज्यू गृहस्थांनी इथल्या बायकांपुढे मासे ठेवले, तेव्हा बायकांनी धर्माने वर्ज्य मानलेले बिनखवल्यांचे मासे बाजूला काढले आणि त्यावरून हे लोक ज्यू आहेत अशी ओळख पटली, अशी आख्यायिका आहे. ‘शेमा’च्या प्रार्थनेखेरीज शब्द फारसे उरले नव्हते, धर्म सांभाळला तो थांबलेल्या हातांनी आणि चूल फुंकणाऱ्या बायकांनी. एलियाहू हनबी या संदेष्ट्याच्या नावाने पोहे, खोबरं, फळं यांचा मलिदा आजही होतो, रायगडात आणि इस्राएलमध्ये गेलेल्या घरांतही. देह हा आत्म्याचा तुरुंग असता, तर त्याने इतकी शतकं ही ठेव जपली असती का?

मायमोनिदीस (११३८–१२०४) हे तत्त्वज्ञ आणि वैद्यही. आजारी माणसाला ईश्वराचं ज्ञान होणं कठीण, म्हणून शरीर निरोगी राखणं हा ईश्वराच्याच वाटेचा भाग, असं त्यांनी धर्मसंहितेत लिहिलं. भूक लागल्यावरच खा, पोटाचा चौथा हिस्सा रिकामा ठेवा, आठ तास झोपा, इतकं बारकाईने. आणि ११९९ मध्ये आपल्या अनुवादकाला पाठवलेल्या पत्रात त्यांची स्वतःची दिनचर्या आहे: सकाळी फुस्तातहून कैरोच्या दरबारात जायचं, दुपारनंतर भुकेने व्याकूळ होऊन परतायचं, तर दारात रोग्यांची गर्दी. त्यांची क्षमा मागून चार घास खायचे, दिवसभरातले तेवढेच, आणि रात्री थकून आडवं पडल्यापडल्या औषधं सांगायची. हे वाचताना माझा गळा दाटून येतो.

देह आणि आत्मा यांचा तोल आपण आपल्यापुरता मोजत बसतो: किती खाल्लं, किती ध्यान केलं. मायमोनिदीस यांच्या तोलात दारातले रोगीही होते. १८४८ साली विल्नात कॉलऱ्याची साथ असताना रब्बी इस्राएल सलांतर यांनी योम किप्पुरच्या सर्वांत कडक उपासाच्या दिवशी लोकांना खायला सांगितलं; त्यांनी सर्वांसमोर स्वतःही खाल्लं, असं सांगतात. दुसऱ्याच्या देहाची गरज ही माझी आध्यात्मिक गरज, हा विचारही त्यांच्याच नावावर आहे. मधुमेह असूनही निर्जळी उपास करणाऱ्या कितीतरी बायका मी आपल्या घरांत पाहिल्या. त्यांच्या हाती पेला देऊन, हे पिणंच आज तुमचं व्रत आहे, असं म्हणणारं माणूस घराघरांत हवं. माझी भूक मला नम्र करो. शेजाऱ्याची भूक मात्र मला प्रार्थनेवरून उठवो. धर्माकडून मला एवढंच हवं आहे, आणि ते थोडं नाही.