रोयणीतील अनाहूत पाहुणा

पेडण्याहून हरमलच्या वाटेने निघाले म्हणजे कोरगाव लागते. जांभ्या दगडाची टेकाडे, उतारावर काजूची झाडे आणि खाली भाताची शेते व माड, असे हे गाव. १७८८ साली पेडणे महाल पोर्तुगीजांच्या हाती गेला, तेव्हापासून या भागाची गणना नव्या काबिजादींत होऊ लागली. परंतु आज आम्ही वाचकांस या गावाचा इतिहास सांगणार नाही. पावसाळ्यात येथील रानात जमिनीखाली जे एक राज्य नांदते, त्याची ओळख करून देण्याचा आमचा मानस आहे.

वारुळाला गोव्यात रोयण म्हणतात. आमचे हिंदू शेजारी सातेरीच्या कित्येक देवळांत रोयणीलाच देवीचे रूप मानतात. कोरगावच्या टेकडीवर आम्ही ऐन श्रावणात गेलो, तेव्हा अशाच एका रोयणीच्या अंगावर पांढऱ्याशुभ्र अळंब्यांची छत्रे उघडली होती. ही अळंबी आपोआप उगवतात असा पुष्कळांचा समज आहे. वस्तुतः ते वाळवीने पेरलेले पीक होय. वाळवी लाकूड व पालापाचोळा खाऊन आणते, त्याचे पोळ्यासारखे वाफे बांधते आणि त्यांवर एका बुरशीची मशागत करते. १९४२ साली रोजे एम या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्या बुरशीच्या कुळास टर्मिटोमायसीस असे नाव दिले. वाळवी आणि बुरशी यांचा हा संसार सुमारे तीन कोटी वर्षांचा आहे. बुरशी कठीण लाकूड मऊ करून वाळवीला अन्न पुरविते. वाळवी तिला ऊब, ओलावा व संरक्षण देते. म्हणूनच हे अळंबे घरच्या मांडवात सहजासहजी पिकत नाही.

जवळच दुसरी रोयण होती. तिच्यावर छत्रे नव्हती. मातीतून काळ्या, बारीक, बोटांएवढ्या काड्या वर आल्या होत्या. आमच्या सोबतचा वयस्क शेतकरी म्हणाला, "आत आता कोण राहत नाही." त्याचे बोलणे शास्त्रास धरूनच होते. या काळ्या बुरशीला झायलेरिया म्हणतात. ती पोळ्यांत आधीपासूनच दडून असते. वाळवी जागी असेतो परक्या बुरशीला डोके वर काढू देत नाही. शेतकरी तण खुरपतो, तद्वत ती परके बीज वेचून टाकते. पण वाळवी मेली अथवा घर सोडून गेली, की हा पाहुणा साऱ्या वाफ्यावर पसरतो. प्रयोगशाळेत दोन्ही बुरशी शेजारी वाढविल्या असता झायलेरियामुळे अळंब्याच्या बुरशीची वाढ खुंटते, असे दिसून आले आहे. राखण संपली की घर परक्याचे होते, याचा एवढा ठळक दाखला विरळा.

एका बुरशीने दुसरीवर जगावे, हे रानात नवल नव्हे. पडलेल्या ओंडक्यावरील जुन्या छत्रांवर पुष्कळदा हिरवी भुकटी दिसते. तिच्यात ट्रायकोडर्मा ही बुरशी बहुधा असते. तिचे तंतू दुसऱ्या बुरशीच्या तंतूंना वेटोळे घालतात, त्यांची भिंत विरघळवितात व आतला रस घेतात. १९३२ साली वाइंडलिंग या शास्त्रज्ञाने हा परजीवी स्वभाव उघडकीस आणला. अळंब्यांची शेती करणाऱ्यांची ती वैरीण. परंतु शेतकऱ्याने शेणखतात मिसळून मातीत घातली, तर भाजीपाल्याची मुळे कुजविणाऱ्या बुरशीस ती आवर घालते. एकाच जिवाला शत्रू म्हणावे की मित्र, हे ती कोणाच्या दारात उभी आहे त्यावर ठरते.

यातून आम्हांस एक गोष्ट गावच्या कुटुंबांपुढे ठेवावीशी वाटते. अळंब्यांना बाजारात चांगला भाव येतो, म्हणून अनेक जण कळ्या उमलण्यापूर्वीच सगळ्या खुडतात. कोणी तर कुदळ घेऊन रोयण फोडतात. अळंब्याचे लांब मूळ थेट पोळ्यापर्यंत गेलेले असते. पोळे फुटले की वाळवीचे घर उघडे पडते आणि काळ्या बोटांना वाट मोकळी होते. शिवाय पेडणे तालुक्यात रस्ते, बंगले व वसाहती झपाट्याने वाढत आहेत. मोपा येथील विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाला. यंत्राच्या एका फटक्याने सपाट झालेली जुनी रोयण पैशाने परत येत नाही.

तेव्हा रोयण फोडू नये, अळंबे हळुवार हाताने काढावे आणि काही छत्रे उघडून बीज पडण्यास ठेवून द्यावीत. ओळख पटल्यावाचून कोणतेही अळंबे ताटात घेऊ नये, हेही मुलांस शिकवावे. विषारी जातीही याच पावसात उगवतात. काळी बोटे दिसली, तर तेथे थांबून एवढेच विचारावे : हे घर आपोआप ओस पडले, की आपल्याच कुदळीने?